दोनच्या आत

चारुताला कुणाकडे काही मागायचं म्हटलं की आधी माफी मागावी लागे. लिफ्टमध्ये पुढे उभ्या असलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्याचं बटण दाबायला सांगायचं झालं, तरी ती "सॉरी हं, तेवढं..." एवढंच म्हणून थांबायची आणि पाचव्या मजल्यावरून जिना उतरून खाली यायची. अशा बाईला पनवेलच्या एका साठ खाटांच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्याची कोऑर्डिनेटर कुणी नेमलं, कोण जाणे. कारण त्या नोकरीत दुसरं कामच नव्हतं. पेशंट घरी सोडायचा, तर डॉक्टर, फार्मसी, फिजिओथेरपी आणि आहारतज्ज्ञ या चौघांकडून 'हो' गोळा करायचा. चार शब्दांचं काम, पण ते चार शब्द निघता निघता दिवस मावळायचा.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला तिने नेहमीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ग्रुपचं नाव 'दुसरा मजला परिवार', माणसं एकतीस. परिवार म्हटलं की काम सगळ्यांचं होतं, आणि सगळ्यांचं झालेलं काम कुणीच करत नाही, हे सहा वर्षांत चारुताला कळायला हवं होतं. तिने लिहिलं, 'सर्वांना सुप्रभात. बेड २१४, श्रीमती कृष्णाबाई, यांच्या डिस्चार्जबाबत आपापले अभिप्राय कृपया सवडीने कळवावेत, ही विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.' पाठवण्याआधी पुन्हा वाचलं, आणि 'विनंती'च्या आधी 'नम्र' घातलं.

उत्तरादाखल नऊ जोडलेले हात आले, दोन गुलाबाची फुलं आली आणि कुणीतरी विचारलं की नर्सिंग स्टेशनचा एसी कधी दुरुस्त होणार. २१४ बद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सवडीने कळवा म्हटल्यावर लोक सवड शोधत बसले, आणि हॉस्पिटलात सवड कुणाला सापडते?

साडेदहाला कृष्णाबाईंची सून रंजिता काउंटरवर आली. चाळिशीची, गव्हाणची, बोलायला खणखणीत बाई. तिच्या हातात लग्नपत्रिकांची पिशवी होती आणि फोन मिनिटाला वाजत होता.

"मॅडम, आयला आज सोडताय ना?"

"विचारलंय मी सगळ्यांना," चारुता म्हणाली. "येईल इतक्यात."

"इतक्यात म्हंजे कवा?" रंजिताने फोन बंद करून पिशवीत टाकला. "आज सांजेला आमच्या किशोरीची हलद हाय. पाच वाजता मांडवात बसाचं. आणि धवलं आयच गानार."

चारुता नवीन पनवेलची, पण या भागात इतकी वर्षं काम करून तिला ते ठाऊक झालं होतं. आगरी घरात मांडव उभा राहिला की भटजीच्या आधी धवलारीण बसते. ती धवले गाते, देवांना आणि पितरांना लग्नाचं आवतण देते, आणि मगच नवरीला हळद लागते. हल्ली धवलारणी कमी उरल्यात आणि डीजे वाढलेत. पण गव्हाण आणि आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं या कृष्णाबाईंच्या गळ्यावर लागलेली. आता त्यांच्या स्वतःच्या नातीचं लग्न होतं, आणि त्या चक्कर येऊन पडल्यामुळे चार दिवस इथे सलाइन घेत होत्या.

"आयला सोडलं तर बरंच," रंजिता म्हणाली. "नाय सोडलं तर उरनकडची जनीमावशी हाय, तिला इचारून ठेवलंय. पन तिला आज दुसरीकडचं बी बोलावनं हाय. ती बोलली, दोनच्या आत सांगा. दोनपर्यंत तुमचा फोन आला तर तुमची, नाय तर मी त्यांच्याकडं जाते. तिचं बी बरोबर हाय, लोकांना किती लटकवत ठेवाचं? म्हनून सांगते मॅडम, हो बोला नाय तर नाय बोला, पन दोनच्या आत बोला. नाय तर दोघी बी जातील आणि माजी पोर धवल्याबिगर हलदीला बसंल."

"हो हो, मी बघते," चारुता म्हणाली, आणि लगेच ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. 'जेंटल रिमाइंडर. आपल्या व्यस्त दिनक्रमातून वेळ काढून, शक्य झाल्यास, २१४ बद्दल कळवावे.' 'शक्य झाल्यास' लिहून तिने होती नव्हती ती निकडही काढून टाकली. या वेळी बारा हात आले. तीन जास्त, म्हणजे प्रगतीच म्हणायची.

बारा वाजून गेले तेव्हा तिला खुर्चीत बसवेना. ती २१४ पाशी गेली. कृष्णाबाई जायच्या तयारीत बसल्या होत्या. हॉस्पिटलचा गाऊन घडी करून उशाशी ठेवलेला, अंगावर स्वतःचं हिरवं लुगडं, केस चापूनचोपून बांधलेले, आणि हाताच्या सुईवर अजून चिकटपट्टी. बहात्तर वर्षांच्या बाईचा चेहरा इतका उतावीळ चारुताने क्वचितच पाहिला होता.

"काय बाय, आला का निरोप?"

"अजून नाही, आजी. विचारलंय सगळ्यांना."

"सगल्यांना म्हंजे कोनाला?"

 चारुताने फोन काढून दोन्ही मेसेज वाचून दाखवले. कृष्णाबाईंनी डोळे मिटून, मान हलवत, शेवटपर्यंत ऐकलं.

"गोड लिवलंय," त्या म्हणाल्या. "पन यात कोनाचं नावच नाय."

"ग्रुप आहे ना, सगळेच वाचतात."

"वाचतान, पन उठतो कोन?" त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली. "आता बग. मांडवात बसले की मना बी बोलावनीच करावी लागतान. देव काय थोडे हायत? मी जर बोलले, सगल्या देवांनो, सवड गावली तर या, तर एक तरी येल का? मी एकेकाचं नाव घेते. गावदेवीला येगली बोलावनी, एकवीरेला येगली, खंडोबाला येगली. तुजं ठिकान हे, तुजी वाट ही, तू हलदीला हात लावाला ये, दिस मावलाच्या आत ये. पितरांना बी नावानिशी. नाव घेतलं की त्याला उठाला लागतं. दुसऱ्याकडं बोट दाखवाला जागा नाय ऱ्हात."

"पण देवाला वेळ घालून द्यायची म्हणजे..." चारुता अडखळली. "राग नाही येत?"

"राग कशाला? मान देऊनच बोलवतो आमी. आणि वेल सांगली की देवाला बी सोपं पडतं. त्याला बी चार घरची लग्ना असतान."

चारुताला हसू आलं. पण काउंटरवर परतेपर्यंत ते मावळलं होतं. आपण सकाळपासून तीन तास नक्की काय केलं, असं तिने स्वतःला विचारलं, आणि खरं उत्तर आलं की आपण काहीच विचारलं नाही. आपण फक्त विचारल्याची नोंद करून ठेवली, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवलं तर आपण मोकळ्या.

ती ग्रुपमधून बाहेर आली आणि फार्मसीच्या दीपेशचं नाव उघडलं. 'दीपेश, बेड २१४ ची घरी न्यायची औषधं तयार आहेत का? आजींच्या नातीची आज हळद आहे, घरच्यांना दोनपर्यंत निर्णय हवा आहे. तेव्हा एक वाजेपर्यंत हो किंवा नाही, कृपया एवढं कळव. मी वाट बघतेय.' लिहिलेलं तिला भलतंच उद्धट वाटलं. बोट सवयीने 'क्षमस्व' लिहायला निघालं. तिने ते आवरलं. 'कृपया' राहू दिलं, कारण समोरच्याला मान द्यायलाच हवा. माफी मागण्यासारखं मात्र तिने काहीच केलेलं नव्हतं. असेच दोन मेसेज तिने फिजिओथेरपीच्या शैलेशला आणि आहार बघणाऱ्या रियाला पाठवले, प्रत्येकात ज्याचं त्याचं काम घालून.

दीपेशचं उत्तर चार मिनिटांत आलं. 'हो. सकाळपासून तयार आहेत. मला वाटलं शैलेशचं बाकी आहे.' पाठोपाठ शैलेश. 'आजींना काल जिना चढवून उतरवून झालंय. माझ्याकडून हो. मला वाटलं डॉक्टरांचं थांबलंय.' रियाने सरळ फोनच केला. "चारुताताई, आहाराचा कागद दहा मिनिटांत वर पाठवते. खरं सांगू का, तुम्ही मला विचारताय हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी हात जोडले आणि कामाला लागले."

चारुताला राग आला आणि लाजही वाटली. तिघांकडे उत्तर तयार होतं. तिघंही एकमेकांकडे बघत बसले होते, आणि त्यांना तसं बसवलं होतं तिच्याच नम्रतेने.

आता एकच नाव राहिलं. डॉक्टर निकेश. त्यांचं पान उघडून ती पाच मिनिटं नुसती बघत राहिली. इथे तिच्या मनात एक गोष्ट होती, जी तिने सकाळपासून वर येऊ दिली नव्हती. कृष्णाबाईंचा रक्ताचा रिपोर्ट नऊ वाजता तिच्याच हातून फाइलला लागला होता. सोडियम एकशे चोवीस, आणि लॅबने त्या आकड्याभोवती लाल चौकट केलेली. चारुता डॉक्टर नव्हती, पण असा आकडा घेऊन कुणी घरी जात नाही, एवढं तिला सहा वर्षांत कळलं होतं. म्हणजे सरळ विचारलं की सरळ उत्तर येणार, आणि ते उत्तर त्या हिरव्या लुगड्यासमोर नेऊन ठेवावं लागणार. त्यापेक्षा 'सवडीने' बरं होतं. सवडीने म्हटलं की नकार लांबत राहतो, आणि आपण वाईट ठरत नाही.

तिने लिहिलं, 'सर, कृष्णाबाईंना आज सोडणार आहात का? नसेल सोडायचं तर तसं सांगा, चालेल. पण एक वाजेपर्यंत कृपया कळवा. दोननंतर त्यांच्या घरी दुसरी धवलारीण मिळणार नाही.'

मेसेज लगेच वाचला गेला. निळ्या खुणा उमटल्या. सर लिहू लागल्याचं दिसलं, मग थांबलं. पुन्हा लिहू लागले, पुन्हा थांबले. एक वाजला. एक वाजून पाच मिनिटं झाली. रंजिता काउंटरच्या कोपऱ्याला टेकून घड्याळाकडे बघत उभी होती. चारुता उठली आणि जिन्याने तळमजल्यावर गेली.

ओपीडीत एक पेशंट बाहेर पडला आणि दुसरा आत जायच्या आधी ती दारात उभी राहिली. डॉक्टर निकेश अडतिसाचे, उरणच्या वाटेवरच्या गावातले. एरवी धडाधड बोलणारा माणूस, पण तिला बघून त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"मेसेज पाहिला मी," ते म्हणाले.

"मग सर?"

"नाही सोडता येणार. या उकाड्यात, मांडवात बसून तीन तास गायल्या, तर तिथेच फिट येईल त्यांना. संध्याकाळचा रिपोर्ट सुधारला तरी आज नाहीच."

"हे सकाळीच ठरलं होतं?"

"राऊंडच्या वेळीच." ते खिडकीकडे बघत बोलले. "माझ्या हळदीला धवले त्यांनीच गायलेत, चारुता. माझ्या मेलेल्या बापाला नाव घेऊन बोलावलंय त्यांनी मांडवात. सकाळी माझा हात धरून म्हणाल्या, निकेश, सोडशील ना आज? मी म्हटलं, बघू. नाही म्हणायला तोंडच उघडेना."

सहा वर्षांत चारुताने या माणसापुढे आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही, पण वाक्य अर्ध्यात सोडलंही नाही. "सर, तुमचा नकार त्या सोसतील. पण तो दोननंतर गेला तर त्याचा काही उपयोग नाही. आता एक दहा झालेत. तुम्ही स्वतः वर येऊन सांगा. पाच मिनिटं लागतील."

निकेशनी बाहेर बसलेल्या पेशंटना हात करून थांबायला सांगितलं आणि ते तिच्या मागोमाग जिना चढले.

कृष्णाबाईंनी त्यांना दारात पाहिलं आणि भरून ठेवलेल्या पिशवीचे बंद हातात घेतले. निकेश खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. बोलताना त्यांची हॉस्पिटलची भाषा गेली आणि घरची आली.

"मावशे, आज नाय सोडता येत तुला. तुज्या रगतातलं मीठ कमी झायलंय."

"मीठ?" कृष्णाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "माजा बाप मिठागरात, सासरा मिठागरात, मी सोता बारा वर्सं डोक्यावरशी मीठ वायलं. आणि माजंच मीठ कमी?"

रंजिताला नको त्या वेळी हसू फुटलं आणि तिने पदर तोंडावर धरला. निकेशही हसले, पण पुढचं त्यांनी सोडलं नाही. मांडवात काय होऊ शकतं, ते त्यांनी न सजवता सांगितलं. कृष्णाबाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्या हातातले पिशवीचे बंद हळूहळू सुटले.

"तुला कवा कललं?"

"सकाली."

"मंग सकालीच बोलाचं व्हतं," त्या म्हणाल्या. रागाने नाही, पण निकेशची मान खाली गेली. "जाव दे. किती वाजलं?"

"एक वीस," चारुता म्हणाली.

"रंजिता, लाव जनीला फोन."

फोन लागला. रंजिताने तो सासूच्या तोंडाशी धरला. पलीकडून जनीचा आवाज आला, भांड्यांच्या आवाजासकट.

"जने, मी नाय येत. तू बस माज्या नातीच्या मांडवात."

पलीकडची भांडी थांबली. "तू असताना मी कशी बसू आये? तुज्याच पाठी बसून शिकले मी."

"म्हनूनच सांगते. पाचच्या आत पोच. आणि आमच्या घरच्या पितरांची नावं लिवून घे, ती तुला ठावं नायत."

"थांब, पेन घेते. बरं झालं आताच बोललीस. त्या लोकांना आता सांगते म्हंजे त्यांना बी दुसरी बगाला वेल हाय."

मग त्या खाटेवर बसून कृष्णाबाईंनी घरातल्या मेलेल्या माणसांची नावं सांगितली, सासऱ्यापासून लहानपणी गेलेल्या लेकीपर्यंत. जनी मधून मधून "हलू सांग" म्हणत होती. नवऱ्याच्या नावापाशी त्या जरा अडखळल्या. एरवी पन्नास वर्षांत त्यांनी ते नाव तोंडाने घेतलं नव्हतं, फक्त मांडवात घ्यावं लागतं म्हणून घेत. या वेळी त्यांनी ते दोनदा सांगितलं, जनीला नीट लिहिता यावं म्हणून. चारुताने खिडकीचा पडदा उगाच सारखा केला.

दोनला दहा कमी असताना रंजिता निघाली. जाताना सासूच्या पाया पडली आणि चारुताला "मॅडम, बरं झालं" एवढंच म्हणाली. निकेश आणखी थोडा वेळ बसले, नाडी बघितली, खरं तर ती बघायची गरज नव्हती. मग तेही खाली गेले.

चारुताने पिशवी कपाटात ठेवली, घडी केलेला गाऊन उचलून पायथ्याशी ठेवला. कृष्णाबाई हिरव्या लुगड्यातच बसून होत्या.

"बाय, तुला ठावं व्हतं का?"

चारुताला नाही म्हणता आलं असतं. ती डॉक्टर नव्हती, रिपोर्ट वाचणं तिचं काम नव्हतं, आणि म्हाताऱ्या बाईला ते खरंही वाटलं असतं.

"हो आजी," ती म्हणाली. "नऊ वाजता रिपोर्ट आला तेव्हाच वाटलं होतं. पण सरांना सरळ विचारायचं टाळलं मी."

"त्याला घाबरलीस?"

"नाही. तुम्हाला. तुमचं तोंड उतरलेलं बघवलं नसतं मला."

"माजं तोंड माजं हाय," त्या म्हणाल्या. "उतरंल, मंग येल परत जाग्यावर. पन जनी गेली असती तर माजी पोर कोनाच्या तोंडाकडं बगती?"

चारुताने कपाटाचं दार लावून घेतलं.

"आता जा तू," कृष्णाबाई म्हणाल्या. "मना जरा रडाचं हाय."

चारुताने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि बाहेर उभी राहिली. बीपीचं यंत्र घेऊन सिस्टर नीता आली, तिला तिने सांगितलं, "अडीचला ये, त्याआधी नको." नीता बरं म्हणून पुढच्या खाटेकडे गेली.